अंतर दारापासून मोजतात

आमच्या ले-आउटमध्ये बरं मराठी लिहिता येणं हा गुन्हा नाही, पण त्याची शिक्षा होते. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात वसाहतीच्या नागरिक समितीचे अध्यक्ष घरी आले. सोफ्यावर बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला, आणि समितीला सचिव पाहिजे असं म्हणाले. सचिवाला काय करावं लागतं, असं मी विचारलं. विशेष काही नाही, असं उत्तर मिळालं. विशेष काही नाही म्हणजे अर्ज लिहायचे. नळाला पाणी येत नाही म्हणून एक, आणि रस्त्यावर पाणी साचलं म्हणून दुसरा. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं रांगेत लावली, आता दुसऱ्यांच्या तक्रारी रांगेत लावायला लागले.

अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. बोलायला लागले की विसर्ग थांबवणारं कोणी नसे. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक गोष्टीचं उद्घाटन व्हावं, असं त्यांना मनापासून वाटायचं. आमच्या इथे बसवलेल्या कचरापेटीलाही त्यांनी नारळ फोडला होता, आणि त्या पेटीत पडलेला पहिला कचरा म्हणजे तो नारळच.

पुढचं समजायला जागेचा नकाशा डोळ्यासमोर हवा, आणि तो सोपा आहे. एक मोठा रस्ता. त्यावरून आत येणारे दोन रस्ते, एकमेकांना समांतर. एक आमची अरुंद गल्ली, दुसरा झाडांचा रुंद डीपी रोड. या दोघांच्या मधोमध एक मोकळी जागा, इकडून तिकडे आरपार. त्या जागेत एक कडुनिंब, त्याखाली ओटा आणि ओट्यावर शेंदूर लावलेला मारुती. भिंत नाही, दार नाही, पुजारी नाही. पोरं तिथे क्रिकेट खेळत आणि चेंडू मारुतीला लागला तर चौकार धरत. डीपी रोड मोठ्या रस्त्याला मिळतो त्या चौकात बसमधून उतरलेली आमच्या गल्लीतली माणसं याच जागेतून तिरपी चालत घरी येत. जाता जाता मारुतीकडे पाहून कपाळाला हात लावत. देव आणि भक्त यांच्यात इतका साधा व्यवहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर एक सावजी जेवणाचं हॉटेल होतं. मालक भिवापूरकडचा, शेतकरी घरातला. मिरची गावची आणायचा, आणि त्याच्या रश्श्यानं डोळ्यांत पाणी आलेली माणसं पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन बसत. हॉटेलचं दार गल्लीत. मोठ्या रस्त्याच्या बाजूला नुसती पार्सलची खिडकी.

एक दिवस त्या दाराशेजारी कागद चिकटलेला दिसला. हॉटेलनं परमिट रूमसाठी अर्ज केला होता, आणि शनिवारी संध्याकाळी आत गाणी म्हणण्याचा परवानाही मागितला होता. कोणाची हरकत असल्यास ती लेखी द्यावी, असं खाली लिहिलं होतं. आमच्या ले-आउटला एवढं आग्रहाचं निमंत्रण आजवर कोणी दिलं नव्हतं.

अध्यक्ष यायच्या आधी माझ्याकडे शेजारीण आली. तिचं घर गल्लीतच, माझ्या घराला लागून, मारुतीच्या जागेसमोर. नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवर. कंपनीची बस त्याला सकाळी चौकातून न्यायची, संध्याकाळी चौकात सोडायची. त्याच्या पिण्याचे दिवस सगळ्या गल्लीनं पाहिले होते, आणि त्यानं सोडल्यालाही आता दोन दिवाळ्या झाल्या होत्या. शपथ नाही, माळ नाही, बुवा-महाराज नाही. एका सोमवारी तो प्यायला नाही, मंगळवारीही नाही, आणि तेव्हापासून ती बाई रोज संध्याकाळी बसच्या वेळेला अंगणात काही ना काही काम काढून बसायची.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही अर्ज लिहिता ना? माह्यासाठी एक लिहून द्या."

"काहून वं? तूही हरकत घेऊन राहिली का?"

"हॉटेलवाल्यानं दारू विकू नये, असं नाही म्हणत मी. माहा भाऊच पितो. माह्यं म्हणणं एवढंच आहे, का यांच्या रस्त्यात थे दार नको. आता हे चौकातून मारोतीजवळून येतात, तर दार दिसत नाही. पण एखाद्या दिवशी कोपऱ्यावरून आले, आन् दार उघडंच असलं, तर?"

मी तिचं म्हणणं जसंच्या तसं एका पानावर उतरवलं. मी लिहिलेल्या अर्जांपैकी तो एकटाच असा होता, ज्यात एकही विशेषण नव्हतं.

तो कागद मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकला. मग समजावून सांगितलं, की बाईची भावना योग्य आहे, पण ही वैयक्तिक बाब झाली आणि हरकतीला कायद्याचा मुद्दा लागतो. कोणाचा नवरा हा काही कायद्याचा मुद्दा होऊ शकत नाही. मारुती होऊ शकतो. दारूचं दुकान आणि देऊळ यांच्यात नियमानं काही अंतर पाहिजे, आणि आपला मारुती तर हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या क्षणापासून शेजारणीचा नवरा प्रकरणातून बाहेर पडला आणि मारुती आत आला.

पण बैठकीला आमचे माजी नगरसेवकही होते. निवडणूक हरल्यापासून ते न बोलावता प्रत्येक बैठकीला येत. त्यांनी एक शंका काढली. उघड्यावर ओट्यावर बसलेल्या मारुतीला साहेब लोक देऊळ म्हणतील काय? देवळाला देवळासारखं दिसायला पाहिजे. भिंत पाहिजे, प्रवेशद्वार पाहिजे, वर पाटी पाहिजे. हे ऐकताच अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्यांच्या सत्तरीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. प्रवेशद्वार मी देतो, ते म्हणाले. वडिलांच्या स्मृतीसाठी.

दाराची जागा ठरायला वेळ लागला नाही. गल्लीत दार केलं तर पाटी वाचणार कोण? गल्लीतली माणसं, आणि त्यांना अध्यक्षांचे वडील कोण होते हे माहीतच होतं. डीपी रोडवर मात्र दिवसभर रहदारी. खात्री करून घ्यायला एका वास्तुतज्ज्ञाला बोलावलं. त्यांनी होकायंत्र हातात धरून डोळे बारीक केले आणि दार डीपी रोडकडेच, म्हणजे पूर्वेला हवं, असा निर्वाळा दिला. शास्त्र आणि दात्याची इच्छा यांच्यात आमच्याकडे कधी मतभेद होत नाहीत. उरलेल्या तीन बाजूंना, गल्लीच्या बाजूलाही, पुरुषभर उंचीची भिंत घालायची ठरली.

त्या काळात मी एका सकाळी दोन अर्ज लिहिले. पहिल्यात म्हटलं होतं, की हॉटेलात ध्वनिक्षेपकावर गाणी सुरू झाल्यास परिसरातले वृद्ध, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या शांततेचा भंग होईल, तरी परवाना देऊ नये. दुसऱ्यात म्हटलं होतं, की मारुतीच्या प्रवेशद्वाराच्या लोकार्पणानिमित्त दिवसभर भक्तिगीतांचा कार्यक्रम असून परिसरातले वृद्ध, महिला आणि विद्यार्थी यांच्या मागणीवरून तो होत आहे, तरी ध्वनिक्षेपकाची परवानगी द्यावी. दोन्ही अर्ज पोलीस ठाण्यात एकाच टेबलावर द्यायचे होते. तिथल्या हवालदारानं एक वाचला, दुसरा वाचला, पुन्हा पहिला वाचला.

"मॅडम, हे म्हातारे लोक तेच आहेत का, का वेगळे?" त्यानं विचारलं.

तेच आहेत, असं मी सांगितलं. त्यानं दोन्हींवर शिक्का मारला.

लोकार्पण झालं. मांडव डीपी रोडवर, त्यामुळे रहदारी बंद, त्यामुळे पाटी वाचायला त्या दिवशी तरी कोणी नव्हतं. माजी नगरसेवकांनी फीत कापली. अध्यक्षांनी भाषणात वडील, धरण, मारुती आणि व्यसनमुक्ती यांना एका ओळीत बसवलं. भक्तिगीतांसाठी एक कीबोर्डवाला आणला होता. मान तिरपी करून, अंगठी घातलेल्या बोटांनी तो सुरेख वाजवत होता. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या हॉटेलमालकानं मला हळूच सांगितलं, की शनिवारसाठी त्यानंही ह्यालाच ठरवलंय. तो आमच्या हरकतीवर रागावलेला नव्हता. मारुतीला त्यानं पाच नारळ आणि लाडवांचं एक ताट दिलं होतं. समितीनं नारळ ठेवून घेतले आणि लाडू खावेत की नाही यावर थोडी चर्चा करून खाल्ले.

भिंत पूर्ण झाली तशी तिच्यावर चित्रकार बसवला. गल्लीच्या बाजूला त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत मारुती रंगवला, उड्डाण करणारा, एका हातावर द्रोणागिरी पेललेला. पर्वत माझ्या आणि शेजारणीच्या घरासमोर आला. तो चांगला जमला होता. शेपटी थोडी आखूड झाली, कारण त्या टोकाला विजेचा खांब होता.

चित्र वाळायच्या आतच शेजारीण आली. या वेळी ती दारात थांबली नाही, आत येऊन बसली.

"काकू, हे काय करून ठेवलं जी तुमच्या समितीनं? मारोतीतून यायचा रस्ताच बंद. आता हे कुठून येतील?"

मी खिडकीतून पाहिलं. खरंच होतं. चौकातून आमच्या गल्लीत यायला आता एकच वाट उरली होती. मोठ्या रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत, आणि मग हॉटेलच्या दारावरून. तिच्या नवऱ्याच्या वाटेत ते दार येऊ नये म्हणून जो खटाटोप सुरू झाला, त्यानं आता त्याच्या वाटेत फक्त ते दारच ठेवलं होतं. मी अध्यक्षांना फोन केला. भिंत दारूच्या विरोधात आहे हे बाईंना समजावून सांगा, असं ते म्हणाले. मी समजावून सांगितलं नाही. काही गोष्टी समजावून सांगताना आपल्यालाच समजतात आणि मग पंचाईत होते.

स्थळपाहणीला उत्पादन शुल्क खात्याचे एक निरीक्षक आले, सोबत टेप घेतलेला एक शिपाई. निरीक्षक तरुण होते, कमी बोलणारे. अध्यक्ष सफारी घालून हजर. त्यांनी सुरुवातीलाच स्वतःची ओळख अभियंता म्हणून करून दिली आणि मोजमापात काही अडचण आल्यास विचारायला संकोच करू नका असं सांगितलं.

"मंदिराचं प्रवेशद्वार कोणतं?" निरीक्षकांनी विचारलं.

या प्रश्नाची अध्यक्ष लोकार्पणापासून वाट पाहत होते. ते साहेबांना डीपी रोडवर घेऊन गेले, दारापुढे उभं केलं, वरची पाटी वाचून दाखवली, वडिलांविषयी दोन शब्द सांगितले आणि एक फोटोही काढून घेतला. मग शिपायानं टेप सोडला. त्याचं एक टोक प्रवेशद्वाराच्या खांबाला कोणीतरी धरायला हवं होतं. अध्यक्षांनी ते स्वतः धरलं. धरणाच्या भिंतीवर उभ्या असलेल्या माणसासारखी छाती काढून.

टेप डीपी रोडनं खाली निघाला. मग शिपायानं खूण केली आणि टेप उचलून पुढे लावला. चौकात तो मोठ्या रस्त्याला वळला. तिथे पुन्हा खूण, पुन्हा टेप. मी आणि समितीचे दोन सभासद मागून चाललो होतो. चौकापाशी अध्यक्षांनाही शंका आली असावी, कारण खांब सोडून ते भराभर चालत आमच्यापर्यंत आले.

"साहेब, इतकं फिरून कशाला? इथून सरळ आरपार मोजा ना. मारुती हा इथे, हॉटेल ते तिथे."

"अंतर दारापासून दारापर्यंत, चालत जायच्या रस्त्यानं मोजतात," निरीक्षक म्हणाले. "आरपार कसं जाणार? मधे भिंत आहे."

"भिंत तर आम्हीच बांधली."

"हो," निरीक्षक म्हणाले, "छान बांधली आहे."

हॉटेलच्या दारापाशी टेप पोचेपर्यंत नियमातलं अंतर केव्हाच मागे पडलं होतं. मालक दारात उभा होता. त्यानं सगळ्यांना पाणी दिलं. अध्यक्षांनी ते घेतलं नाही, आणि ऊन असं होतं, की ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

परवान्यावरच्या सुनावणीला आम्ही सदर भागातल्या गर्दीतून वाट काढत वेळेवर पोचलो आणि बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसलो. आत गेल्यावर ते फार चाललं नाही. अध्यक्षांनी संस्कृतीवर बोलायला सुरुवात केली. समोरच्या अधिकाऱ्यांनी पाहणीचा अहवाल वाचला आणि पूर्वी मंदिराला दार होतं का, असं विचारलं. पूर्वी सगळंच उघडं होतं, असं मी सांगितलं. मग बंद कोणी केलं? यावर अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला. शेजारणीचा एक पानाचा अर्ज माझ्या पिशवीत होता. तो मी पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो वाचला, दोनदा वाचला असं मला वाटलं, आणि यासाठी नियमात तरतूद नाही, असं हलक्या आवाजात म्हणाले. परवाना मिळाला. गाण्यांचाही मिळाला. परतताना अध्यक्ष या सगळ्याला नैतिक विजय म्हणत होते.

परमिट रूम सुरू झाली. गोंधळ-बिंधळ काही नव्हता. काच लावलेलं दार, आत पिवळा उजेड, शनिवारी कीबोर्ड. पण कंपनीची बस यायच्या वेळेला शेजारीण आता अंगणात नसायची. ती कोपऱ्यावर जायची. एक दिवस कोथिंबीर आणायला, एक दिवस लिंबू, एक दिवस नुसतीच. भाजीवाल्याच्या गाडीशी उभी राहून पाठीमागून हॉटेलच्या दाराकडे नजर ठेवायची. नवरा दिसला की त्याच्याबरोबर चालत यायची, त्याच्या आणि दाराच्या मधे. त्यांच्या घरी त्या दिवसांत कोथिंबीर इतकी जमली, की ती आम्हालाही द्यायला लागली.

नवऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्याला घ्यायला कधी आली नव्हती. चालताना त्याचा चेहरा पाहिला की वाटायचं, दारापेक्षा त्याला या पहाऱ्याचाच जास्त त्रास होतोय. एकदा तो बसमधून उतरून चौकातच बराच वेळ उभा राहिलेला मी पाहिला. ती कोपऱ्यावर, तो चौकात, आणि मधे मोठा रस्ता. दोघंही एकमेकांना पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ती समितीच्या बैठकीला स्वतः आली. पहिल्यांदाच. उभी राहून तिनं मागणी केली, की आमच्या घरासमोर भिंतीला एक लहान दार करून द्या. माणसं पहिल्यासारखी मारुतीतून येतील.

अध्यक्षांनी नकार दिला. भिंतीला मागून दार म्हणजे वास्तुदोष. शिवाय तिथे द्रोणागिरी आहे. आणि खरं म्हणजे तिसरं कारण, जे ते बोलले नाहीत: मागच्या दारानं लोक यायला लागले तर पुढच्या दाराची पाटी कोण वाचणार?

मी त्या बैठकीचं इतिवृत्त लिहीत होते. लिहिता लिहिता सहज म्हणाले, की दार लहान असलं तरी दारच असतं, आणि अंतर दारापासून मोजतात. हॉटेलचा परवाना तर दर वर्षी नव्यानं तपासला जातो.

मग अध्यक्ष सावकाश उठले. वास्तुदोष आणि द्रोणागिरी एकदम विरघळले. हे दार म्हणजे निर्णायक पाऊल आहे, ते म्हणाले, आणि आपण हे आधीपासून मनात धरून होतो. ठराव एकमतानं मंजूर झाला. चित्राचा एक ठिपकाही बिघडता कामा नये एवढीच अट. म्हणजे दार पर्वताच्या खाली बसवायचं, जेवढं बसेल तेवढं.

शेजारीण माझ्याकडे पाहत होती. तिला दार मिळालं होतं, पण ते तिच्यासाठी नव्हतं.

ठरावाची बातमी हॉटेलमालकापर्यंत जायला संध्याकाळही लागली नाही. तो आधी अध्यक्षांकडे गेला आणि व्यसनमुक्तीवर अर्धा तास ऐकून आला. मग माझ्याकडे आला. हातात स्टीलचा डबा. मी मटण खात नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून बेसनाच्या पाटोडीचा रस्सा आणला होता. शेजारीण कोथिंबीर द्यायला आली होती आणि माझ्या स्वयंपाकघरातच होती. त्यानं डबा ओट्यावर ठेवला आणि मला न विचारता सरळ तिलाच विचारलं.

"ताई, मले एक सांगा. माह्या हॉटेलनं तुमचं काय वाईट केलं? तुमी त मायसारखं जेवायले येणाऱ्या पोरायले पाणी देता दारातून. मंग हे दार काहून करून राहिले?"

"हॉटेलचं काही नाही, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या त्या काचेच्या दाराचं आहे."

"दाराचं काय?"

"आमच्या यांनी सोडली आहे. तुमाले माहीत आहे. पहिले इथंच जेवायचे तुमच्याकडं, आन् कुठून पिऊन यायचे थेही तुमाले माहीत आहे. आता रोज तुमच्या दारावरून येतात. मी रोज कोपऱ्यावर उभी राहतो. किती दिवस उभी राहू मी?"

त्यानं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"हे मले कोणी सांगतलंच नाही ना," शेवटी तो म्हणाला. "मले वाटलं, हे सारं मारोतीसाठी चालू आहे."

मग त्यानं बोटानं माझ्या ओट्यावर नकाशा काढला. पार्सलच्या खिडकीच्या जागी, मोठ्या रस्त्यावर, दार काढता येईल. गल्लीतलं दार बुजवून तिथे खिडकी येईल, जेवणाच्या पार्सलची. मोठ्या रस्त्यावरचं दार कोपऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे चौकातून येणारा माणूस त्याच्या आधीच गल्लीत वळणार. आणि भिंतीतल्या नव्या दारापासून मोजलं तरी अंतर नियमात बसेल, ते त्यानं येतानाच पावलांनी मोजून पाहिलं होतं. गिऱ्हाइकाला गल्लीतलं झाकलेलं दार बरं वाटतं, थोडं नुकसान होईल, पण होऊ द्या. एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं, तो म्हणाला.

त्या पहिल्याच दिवशी आम्ही एक पान लिहिलं होतं. ते समितीकडे गेलं, सुनावणीला गेलं, साहेबांच्या टेबलावर गेलं. ज्याचं दार होतं त्याच्याकडे मात्र ते न्यावं असं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. तो हाकेच्या अंतरावर राहत होता आणि आमच्या घरी रस्सा पाठवत होता.

दार हललं. पुढच्या तपासणीला तेच निरीक्षक आले, टेप लागला, अंतर नियमात बसलं. या खेपेला अध्यक्षांनी टोक धरलं नाही. पण लगेच त्यांनी एक सभा बोलावली आणि गल्लीतून दारूचं दार हद्दपार झाल्याबद्दल समितीचा सत्कार केला. माजी नगरसेवकांना शाल, अध्यक्षांना शाल, मला नारळ. जेवण सावजी हॉटेलातून आलं होतं. मालकही आला, मागच्या रांगेत बसला आणि टाळ्या वाजवल्या. शेजारणीला बोलावणं होतं, पण ती बसची वेळ होती.

भिंतीतल्या दाराचं उद्घाटन मात्र कोणी केलं नाही. त्यावर पाटी नाही. पर्वताखाली जेवढी जागा होती तेवढ्यात ते बसवलं, त्यामुळे ते बुटकं झालं, आणि मोठ्या माणसाला वाकल्याशिवाय त्यातून येता येत नाही.

मध्यंतरी एकदा शेजारणीचा नवरा त्यातून बाहेर येताना मी अंगणात होते. डबा काखेत, कंबर वाकलेली. सरळ उभा राहून त्यानं हसून पाहिलं. मी विचारलं, आता बरं वाटतं का?

"काकू, पियाची असली तर दार कुठं का असंना, माणूस शोधतोच," तो म्हणाला. "मी तिले सांगणार होतो. पण ती इतकी भांडून राहिली होती, मंग म्हटलं, होऊ द्या."

मग त्यानं मागे वळून ते बुटकं दार नीट ओढून घेतलं, कारण आत गाई शिरतात. समोरच्या अंगणात शेजारीण तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. आताशा ती करत नाही.

अध्यक्षांचं मत वेगळं आहे. संध्याकाळी ते डीपी रोडवरच्या आपल्या दाराशी उभे असतात आणि कारखान्यातून परतलेली माणसं मारुतीच्या आवारातून जाताना, पलीकडच्या भिंतीपाशी एकेकानं खाली वाकताना पाहतात. परवा मला म्हणाले, बघा मॅडम, प्रवेशद्वार झाल्यापासून लोकांत केवढा भक्तिभाव आलाय.

मी हो म्हणाले. पुढच्या बैठकीत ते इतिवृत्तात घ्यायचं आहे.